व्हीपीएन घ्यायचं ते कुणाच्या भरवशावर?

अँड्रॉइड फोनवर कुठलंही व्हीपीएन ॲप पहिल्यांदा सुरू केलं की पडद्यावर एक छोटी चौकट उगवते. या ॲपला व्हीपीएन जोडणी उभी करायची आहे, ती झाली की तुमच्या नेटवर्कवरून काय जातं-येतं ते त्याला पाहता येईल, खात्रीचं असेल तरच होकार द्या, असा तिच्यातल्या मजकुराचा आशय. बहुतेक जण तो न वाचताच ‘ओके’ दाबून मोकळे होतात. घरासाठी व्हीपीएन निवडायचं असेल तर सुरुवात मात्र याच चौकटीपासून करावी, कारण एकाही जाहिरातीत नसलेली गोष्ट तिच्यात स्वच्छ लिहिलेली आहे. व्हीपीएन घेतलं तरी आपल्या इंटरनेटवर नजर ठेवू शकणारं कुणीतरी असतंच. फक्त ते कुणी असावं, हे आपण ठरवतो.

हे नीट कळायला सांगलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. गल्लीतल्या केबलवाल्याने ओढून दिलेलं फायबर, टीव्हीमागे टांगलेला राउटर, त्यावर चार फोन आणि एक लॅपटॉप. घरातली सून लॅपटॉपवर बँकेचं संकेतस्थळ उघडते. ब्राउझर आधी विचारतो, या नावाच्या बँकेचा आयपी पत्ता काय? ही विचारणा सहसा इंटरनेट कंपनीच्याच डीएनएस सर्व्हरकडे आणि उघड्यावर जाते. पत्ता मिळाला की बँकेच्या सर्व्हरशी कुलूपबंद जोडणी जुळू लागते, पण जुळताना सहसा बँकेचं नाव पुन्हा एकदा उघडपणे जातं. त्यानंतरचं सगळं, म्हणजे पासवर्ड, शिल्लक, व्यवहार, एचटीटीपीएसच्या आत बंद. तेव्हा केबलवाल्याला आणि त्याच्या वरच्या कंपनीला एवढंच कळतं, की या घरातून अमुक वेळी अमुक बँकेचं पान उघडलं गेलं, ते इतका वेळ चालू होतं आणि साधारण इतका डेटा गेला-आला. आत काय झालं ते कळत नाही.

आता त्याच लॅपटॉपवर व्हीपीएन चालू करा. लॅपटॉपपासून, समजा, सिंगापूरमधल्या एका सर्व्हरपर्यंत सगळं एकाच कुलूपबंद नळीतून जाऊ लागतं. केबलवाल्याला फक्त तो एक सर्व्हर दिसतो. बँकेला सांगलीऐवजी सिंगापूरचा पत्ता दिसतो, आणि त्यामुळेच काही बँकांची ॲपं व्हीपीएन चालू असताना कुरकुर करतात किंवा उघडायलाच नकार देतात. आणि मघाशी केबलवाल्याला जे दिसत होतं, म्हणजे बँकेचं नाव, वेळ, डेटाचा आकार, ते सगळं आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. पासवर्ड तेव्हाही दिसत नव्हता, आताही दिसत नाही.

म्हणून ‘कुठलं व्हीपीएन घेऊ?’ या प्रश्नाच्या आधी ‘मला ते लागतंय का?’ हा प्रश्न येतो. जाहिरातींमध्ये कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर टपून बसलेला चोर असतो. ही भीती एकेकाळी अगदी खरी होती. २०१० साली ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सचं एक जोडॲप आलं होतं. ते घातलं की त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक खात्यात एका क्लिकमध्ये शिरता यायचं, कारण तेव्हा मोठी मोठी संकेतस्थळंसुद्धा लॉग-इननंतर साधं, उघडं एचटीटीपी वापरत होती. त्यानंतर एकेक करून सगळी एचटीटीपीएसवर गेली. २०१५पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था संकेतस्थळांना लागणारी प्रमाणपत्रं फुकट देऊ लागली आणि जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. चोराला वाव होता तो रस्ता बराचसा बंद झाला, जाहिरात मात्र तीच राहिली.

शिवाय आपल्याकडे घराघरांतून आज पैसे जातात ते वेगळ्याच वाटांनी. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ सांगणारा, वीजबिल थकल्याचा मेसेज पाठवणारा, ओटीपी विचारून घेणारा. यांतल्या एकालाही व्हीपीएन अडवू शकत नाही. नळी कितीही पक्की असली तरी तिच्यातून ओटीपी आपणच पाठवतो. तिथे उपयोगी पडतो तो १९३० हा हेल्पलाइन क्रमांक, आणि तोही जितक्या लवकर लावाल तितका.

माझं मत सरळ सांगतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावावरचं कनेक्शन, वापर यूट्यूब-बँक-व्हॉट्सॲप एवढाच, अशा घराला महिन्याला पैसे मोजून व्हीपीएन घ्यायची गरज नाही. कुठली संकेतस्थळं उघडतो हे इंटरनेट कंपनीला सहज कळू नये एवढीच इच्छा असेल, तर अँड्रॉइड ९पासून फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची फुकट सोय आहे. तिथे ‘डीएनएस डॉट गूगल’ किंवा क्लाउडफ्लेअरचा पत्ता टाकला की ती उघड्यावरची पहिली विचारणा तरी बंद होते. पूर्ण आडोसा मिळत नाही, पण खर्च शून्य आणि वेगात फरक नाही.

गरज पडते ती वेगळ्या घरांना. हॉस्टेलचं किंवा घरमालकाचं वायफाय वापरणारी मुलं, ज्यांनी उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद दुसऱ्याच्या राउटरमध्ये राहू शकते. सतत फिरतीवर असणारा, हॉटेलांच्या वायफायवर काम करणारा माणूस. एखाद्या आजाराची, कायद्याची, घरगुती छळाची माहिती शोधणारी आणि ती आपल्या नावाशी जोडली जाऊ नये असं वाटणारी व्यक्ती. ज्यांच्या इंटरनेट कंपनीने एखादं साधं, कायदेशीर संकेतस्थळही विनाकारण अडवलेलं आहे, असे ग्राहक. आणि परदेशात राहणारी मराठी माणसं, ज्यांच्याविषयी शेवटी वेगळं बोलू.

गरज ठरली की पहिला मोह फुकट ॲपचा. प्ले स्टोअरवर ‘फ्री व्हीपीएन’ शोधलं की शेकडो निघतात, सगळ्यांना चार-साडेचार तारे. व्हीपीएन चालवायला खर्च असतो. जगभर सर्व्हर भाड्याने घ्यावे लागतात, दर महिन्याला टेराबाइटांनी डेटा वाहून न्यावा लागतो. तो खर्च ग्राहक देत नसेल तर कुणीतरी देतंय, आणि त्याच्या बदल्यात काहीतरी घेतंय. हा नुसता संशय नाही, पुरावे आहेत.

फेसबुकने २०१३ साली ओनाव्हो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचं ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हे ॲप डेटा सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली फुकट मिळायचं. प्रत्यक्षात लोक कुठली ॲपं किती वापरतात हे फेसबुकला त्यातून समजत होतं. व्हॉट्सॲपची वाढ किती झपाट्याने होतेय हेही त्याच आकड्यांतून दिसलं, हे २०१८च्या शेवटी ब्रिटिश संसदेच्या समितीने जाहीर केलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. त्याच वर्षी ॲपलच्या स्टोअरवरून ते ॲप उतरलं, आणि २०२३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने याच प्रकरणी फेसबुकच्या कंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

दुसरं प्रकरण याहून गंभीर. मे २०२४मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचं जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा नावांची फुकट ॲपं लोक संगणकावर घालत, आणि ती गुपचूप त्या संगणकाचं इंटरनेट दुसऱ्यांना भाड्याने देत. जवळपास दोनशे देशांतले १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते या जाळ्यात होते. म्हणजे गुन्हा करणारा भलताच, आणि तपासात पत्ता निघणार तो ‘आपली ओळख लपवायला’ ॲप घातलेल्या साध्या घराचा. सांगलीतल्या त्या घरावर असा प्रसंग आला तर पोलिसांना काय सांगणार? त्याआधी २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲपं उघडून तपासली होती. त्यांतली ३८ टक्के ॲपं व्हायरस-तपासणीत संशयास्पद निघाली आणि १८ टक्के तर माहिती कुलूपबंदच करत नव्हती. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ‘आजी, थांब, मी टाकून देतो’ म्हणत आजीच्या फोनवर असलं काही चढवलं असेल, तर ते आजच काढून टाका.

फुकटात एक अपवाद मी करतो, तो प्रोटॉन व्हीपीएनचा. सर्न या संशोधन केंद्रात भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली सुरू केलेली ही मंडळी आधी ईमेलसाठी ओळखली गेली, कंपनी स्वित्झर्लंडमधली. फुकट योजनेत डेटाची मर्यादा नाही, जाहिराती नाहीत, पण एका वेळी एकच उपकरण आणि सर्व्हर कुठला ते ॲपच ठरवतं. खर्च भागतो तो पैसे भरणाऱ्या ग्राहकांतून, आणि ॲपचा कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे. वर्षातून दोन-चार वेळा गरज पडणाऱ्या घराला एवढं पुरेसं आहे.

पैसे भरून घ्यायचं ठरलं तर कसोटी एकच: ही कंपनी माझी नोंद ठेवते का? ‘आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही’ हे वाक्य प्रत्येकाच्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत असतं. २०२० साली यूएफओ व्हीपीएनसह हाँगकाँगशी संबंधित सात ॲपांचा सर्व्हर कुलूपाविना सापडला. सगळ्यांचा दावा ‘नोंद नाही’ असाच होता आणि सर्व्हरवर वापरकर्त्यांच्या नोंदींचा १.२ टेराबाइट ढीग पडला होता. याच्या अगदी उलट घडलं ते स्वीडनमध्ये. १८ एप्रिल २०२३ रोजी गोथेनबर्गमधल्या मुल्लवाद या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक जप्त करायचे होते. कर्मचाऱ्यांनी आपली यंत्रणा कशी चालते ते दाखवलं, तुम्हाला हवी ती माहिती इथे नाहीच हे पटवलं, आणि पोलीस रिकाम्या हाताने परतले. मुल्लवाद खातं उघडताना ना नाव विचारते ना ईमेल. एक सोळा आकडी क्रमांक देते, तेच खातं. दावा आणि पुरावा यांतला फरक अशा वेळी कळतो. त्यामुळे एखादी कंपनी निवडण्याआधी तिच्यावर अशी वेळ कधी आली होती का आणि तेव्हा काय निघालं, हे शोधून वाचावं. बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली असेल आणि अहवाल खुला ठेवला असेल तर तेही चांगलं लक्षण.

‘सर्वोत्तम दहा व्हीपीएन’ छापाच्या याद्यांवर मात्र विसंबू नये. केप टेक्नॉलॉजीज या एका कंपनीने २०१७मध्ये सायबरघोस्ट, २०१९मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन घेतलं. याच कंपनीने २०२१मध्येच व्हीपीएनमेंटॉर हे परीक्षणांचं संकेतस्थळ चालवणारी कंपनीही विकत घेतली. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच मालकाचे. नॉर्ड आणि सर्फशार्क हेही २०२२पासून एकाच छताखाली आहेत. यात बेकायदा काही नाही, पण दोन नावांची तुलना वाचताना दोन्हींचा मालक एक असेल तर ती तुलना किती गंभीरपणे घ्यायची ते आपल्याला ठरवता येतं.

भारतातल्या ग्राहकाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यायलाच हवी. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने आदेश काढला: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि वापराचं कारण नोंदवावं आणि ग्राहक सोडून गेल्यावरही ही नोंद ५ वर्षं जपावी. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट मिळाली. घरगुती ग्राहकांना सेवा देणाऱ्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी मात्र सर्व्हरच भारताबाहेर हलवले. आधी एक्सप्रेसव्हीपीएन, मग सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन. आज त्यांच्या यादीत ‘भारत’ दिसतो तो बहुधा सिंगापूर किंवा लंडनमध्ये ठेवलेला, भारतीय आयपी पत्ता लावलेला सर्व्हर असतो. व्हीपीएन वापरणं भारतात सर्वसाधारणपणे बेकायदा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मात्र वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली गेली आहे. जानेवारी २०२५मध्ये सरकारी आदेशानंतर काही ॲपं भारतातल्या ॲप स्टोअरवरून हटवल्याच्याही बातम्या आल्या. याचा व्यवहारी अर्थ असा की तीन वर्षांचे पैसे एकदम भरून ठेवण्यात धोका आहे. ॲप स्टोअरवरून गेलं तर अपडेट थांबतात, आणि जुनं सुरक्षा-ॲप वापरत राहण्यात शहाणपण नाही.

किमतीची मेख इथेच असते. दोन किंवा तीन वर्षांच्या योजनेवर मोठी सवलत दाखवतात, महिन्याचा दर शे-दोनशे रुपयांवर आलेला वाटतो. पण तो दर पहिल्या मुदतीपुरताच. मुदत संपली की नूतनीकरण पूर्ण किमतीने होतं आणि कार्ड आधीच जोडलेलं असतं. शिवाय दाखवलेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो आणि डॉलर-युरोत पैसे कापले तर बँक चलन-बदलाचे दोन-तीन टक्के वेगळे घेते. मुल्लवाद वर्षानुवर्षं महिन्याला ५ युरो हाच दर घेते, पाच उपकरणांपर्यंत, वर्षाचे एकदम भरले तरी सवलत नाही. रुपयांत हे पाचशेच्या आसपास जातं. महाग वाटतं, पण हवे तेवढेच महिने घेऊन थांबता येतं. दोन महिन्यांच्या प्रवासासाठी हा हिशेब दोन वर्षांच्या ‘स्वस्त’ योजनेपेक्षा कितीतरी परवडतो. उलट सहा-सात माणसांचं, दहा-बारा उपकरणांचं घर रोज वापरणार असेल तर उपकरणांवर मर्यादा नसलेलं सर्फशार्क किंवा दहा उपकरणं चालू देणारं नॉर्ड वर्षाच्या योजनेत स्वस्त पडतं. या दोघांकडे ३० दिवसांत पैसे परत मिळण्याची सोय आहे; ते ३० दिवस मनापासून वापरून पाहण्यात घालवा.

वापरून पाहायचं म्हणजे काय, तर एका संध्याकाळी, घरातले सगळे ऑनलाइन असताना, आधी व्हीपीएनविना वेग मोजा. मग जवळचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजा. सेटिंगमध्ये प्रोटोकॉल ‘वायरगार्ड’ निवडा. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याचा कोड सुमारे चार हजार ओळींचा, म्हणून तपासायलाही सोपा आणि फोनवर हलका. सिंगापूर निवडलं तर मुंबईहून जाऊन यायला साधारण साठ-सत्तर मिलिसेकंद लागतात, युरोप निवडलं तर त्याच्या जवळपास दुप्पट. व्हिडिओ पाहताना हे जाणवणार नाही, ऑनलाइन गेम खेळणारी पोरं मात्र लगेच ओरडतील. त्यानंतर डीएनएस गळती तपासणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जा. तिथे आपल्याच इंटरनेट कंपनीचं नाव दिसलं तर नळीला भोक आहे. शेवटी अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘ऑल्वेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनविना जोडणी बंद’ हे दोन्ही चालू करून विमान मोड एकदा लावून काढा. व्हीपीएन पुन्हा जुळेपर्यंत एकही पान उघडलं नाही, म्हणजे ॲप कामाचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं एका बटणात जमलं पाहिजे आणि बँकेचं ॲप व्हीपीएनमधून वगळायची सोय पाहिजे; नाहीतर ते पहिल्याच यूपीआय व्यवहाराला व्हीपीएन बंद करतील आणि पुन्हा कधी लावणार नाहीत. राउटरवरच व्हीपीएन बसवायचा उत्साह मात्र आवरावा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या बहुतेक राउटरांत ती सोय नसते आणि वेगळा राउटर घेऊन बसवलं तरी टीव्हीपासून बँकेपर्यंत सगळं एकदम अडतं.

आता परदेशातल्यांविषयी. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या मराठी माणसाला बऱ्याचदा उलटी गरज असते: भारतात आहोत असं दिसायला हवं, कारण काही सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरून उघडतच नाहीत. ओटीटीचं मात्र लक्षात घ्यावं. व्हीपीएनने दुसऱ्या देशातले कार्यक्रम पाहणं बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही आणि त्या व्हीपीएनचे पत्ते ओळखून अडवतातही. दुबई-अबुधाबीत राहणाऱ्यांनी तर जास्त जपून राहावं. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या सायबर कायद्यात आयपी पत्ता बदलून गुन्हा करणं किंवा लपवणं यासाठी ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे.

भारतात आहोत असं दिसण्यासाठी विकतच्या व्हीपीएनपेक्षा घरचा उपाय सरस ठरतो. टेलस्केल हे वायरगार्डवरच उभारलेलं ॲप घरगुती वापराला फुकट आहे. पुण्यात आई-वडिलांच्या घरी एखादा जुना लॅपटॉप किंवा अँड्रॉइड टीव्ही कायम चालू ठेवायचा, त्यावर ते घालून ‘एक्झिट नोड’ हा पर्याय लावायचा, आणि परदेशातल्या फोनवर त्याच खात्याने आत यायचं. फोनचं सगळं इंटरनेट पुण्यातल्या घरातून, खऱ्याखुऱ्या घरगुती आयपी पत्त्याने जातं. आपल्याकडे बहुतेक फायबर कंपन्या अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे घरातल्या यंत्रापर्यंत बाहेरून पोहोचणं एरवी जमत नाही. टेलस्केल तो अडसर स्वतःच ओलांडतं. मधली टेलस्केल कंपनी सहसा फक्त दोन टोकांची ओळख करून देते, आतला डेटा तिला वाचता येत नाही. मात्र आईबाबांना आधी विचारा, कारण त्या लॅपटॉपमधून जे काही जाईल ते त्यांच्या नावावरच्या कनेक्शनवरून जाणार आहे.

विकतचं घेतलं असेल तर एक काम उरतं. भारतीय कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे, आणि १५,००० रुपयांपर्यंतची अशी वसुली ओटीपीविनाच होते. म्हणून तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. बँकेच्या ॲपमध्ये किंवा कार्डाच्या मँडेट-पानावर जाऊन व्हीपीएनचा मँडेट, म्हणजे आपोआप वसुलीची परवानगी, घेतल्याच्या दिवशीच बंद करता येतो. मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते, आणि पुढे घ्यायचं की नाही हे त्या वेळचे दर पाहून ठरवता येतं.